घर क्रमांक ४/१२ ची झाली तारीख

मैत्रिणींनो, आज डोके तापले आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

आमच्या नंदनवन वसाहतीत सकाळी डोळ्यांचे शिबिर होते. ज्येष्ठांची यादी मीच एक्सेलमध्ये केली होती, नाव आणि पुढे घर क्रमांक. शेजारची कमल तिथे गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"काहून परत आली वं?"

"मले चार डिसेंबरची तारीख देली. तूच तर यादीत लिहून देली, अन् वरून मलेच विचारते!"

तिचे घर चौथ्या गल्लीतले बारावे, म्हणून मी ४/१२ लिहिले होते. त्या दीडशहाण्या एक्सेलने मला न विचारता त्याची तारीख केली, आणि मी न वाचता प्रिंट काढली. शिबिरातल्यांना ती तिच्या तपासणीची तारीख वाटली.

तिला हाताला धरून परत नेले. मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात.

उपाय सोपा निघाला. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा, मगच आकडे लिहायचे.

पण धड दिसत नसताना कमल डिसेंबरपर्यंत थांबायला तयार झाली, कारण कागदावर तसे छापले होते. तिथल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही शंका आली नाही. छापलेले दिसले की आपण विचारणे का सोडतो? तुम्ही कधी असे मुकाट्याने परत फिरला आहात का?