नाक जागेवर आहे

धुकं इतकं दाट होतं, की खानावळीच्या दारातून रस्त्यापलीकडचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. खानावळवालीने दुधाचं पातेलं उचलून थोरल्या नणंदेच्या नाकाखाली धरलं.

"बघा, वन्सं."

"चांगलंय."

मग तेल, मग गॅसच्या नळीचा सांधा. शेजारच्या रंगाच्या गोदामातली टाकी फुटून हिरवट धूर आत घुसला, त्या दिवसापासून खानावळवालीला वास म्हणून कळत नाही. करपलेलं नाही, नासलेलं नाही, लेकाला कुशीत घेतलं तर त्याच्या केसांचाही नाही.

तिने दावा लावला. आमच्यामुळे झालं, एवढं गोदामवाल्याच्या तोंडून तिला हवं होतं.

कायद्यात नुकसानीचा तक्ता आहे. त्यात डोळा आहे, कान आहे, बोटंसुद्धा सुटी सुटी आहेत. वासाला रकाना नाही. नाकाला आहे, पण ते तुटलं किंवा वाकडं झालं तर. गोदामवाल्याचा वकील म्हणाला, "साहेब, नाक जागेवर आहे." शिपाईसुद्धा हसला.

न्यायाधीश तसे सभ्य. म्हणाले, तक्त्यात नसलं तरी धंद्यात घट झाली असेल तर धरता येईल. घट दाखवा.

साक्षीला नणंद उभी राहिली. तोच वकील गोड आवाजात विचारता झाला, "यांच्या हातची चव बिघडली का हो?"

नणंद ताठ झाली. चार माणसांत घरच्या सुनेच्या हाताला नावं ठेवायची? "कोण म्हणतं? आजवर आमचं एक ताट परत आलेलं नाही."

झालं. घट नाही, म्हणून नुकसान नाही.

म्हणजे दोन बायका एका नाकावर खानावळ रेटतात, ती मेहनतच गोदामवाल्याचा पुरावा ठरली. हिने गिऱ्हाइकांना नासकं खाऊ घालून आजारी पाडलं असतं, तर कायद्याला दिसलं असतं. सावरलेल्या माणसाचं काही गेलेलंच नसतं, असं ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्या चुलीपाशी कोण उभं असतं ते मला एकदा बघायचंय.

घरी येताच ती उखडली. "वन्सं, रोज वास कोण घेतं?"

"मी."

"मग तिथे तोंडाला कुलूप कशाला घातलंत?"

"अगं, आपली गिऱ्हाइकं बसली होती मागच्या बाकावर. मी हुंगल्याशिवाय तुला नासकं कळत नाही म्हटल्यावर उद्या कुत्रं तरी फिरकलं असतं का जेवायला?"

खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त झोंबलं. धंदा राखायचा तर कोर्टात हरायचं, आणि कोर्टात जिंकायचं तर धंदा बुडवायचा.

तिचा वकील म्हणाला होता, वरच्या कोर्टात जाता येईल, पण दोघींना सगळं उघड सांगावं लागेल.

"सांगायचं," ती म्हणाली.

"आणि खानावळ?" नणंदेने विचारलं.

"तिथेच आधी सांगायचं."

संध्याकाळी बाकडी भरली तेव्हा ती पळी हातात घेऊन मधोमध उभी राहिली. "मला वास येत नाही. गोदामाच्या धुराने गेला. इथलं सगळं वन्सं हुंगून देतात. चालत असेल त्याने जेवा."

एकाने घास खाली ठेवला, हात धुतला आणि निघून गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं. कोपऱ्यातला म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "वन्संना सर्दी झाली की तेवढं कळवा. त्या दिवशी घरी जेवीन."

ती हसली नाही. रिकाम्या जागा पुसल्या, आत गेली, कढई चढवली. नणंद डोळे पुसत दाराशीच उभी होती.

"या इकडे," ती म्हणाली. "कांदा बघा."