ओली राख

काल लग्नाच्या मांडवात आचाऱ्यानं भट्टीवर पाणी ओतलं आणि ओल्या राखेच्या वासानं मला आमच्या अड्याळच्या घरी नेलं.

भाडेकरूनं बळकावलेल्या त्या घराचा ताबा द्यायला कोर्टाचा बेलीफ आला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. सामान अंगणात निघालं. भाडेकरूची बायको मात्र चुलीतला विस्तव राखेनं झाकत बसली.

"आता कायले झाकून राहिली, बाई?" बाबांनी विचारलं.

"सकाळी चूल पेटवाले इस्तो लागते ना, भाऊ."

बाबा हसले. मला म्हणाले, "ओत पाणी." मी घागर रिकामी केली. भाडेकरूच्या बायकोनं त्या ओल्या राखेत हात घालून बघितला आणि ती उठली.

खटला आम्ही रीतसर जिंकलो होतो. तरी आईनं ती चूल कधी पेटवली नाही. घर बंदच आहे. आजही कुलूप काढलं की मी आधी त्या राखेत हात घालून बघते.