दाराकडची रांग

माझी नात म्हणते, आजी, तू शाळेत असताना कडक होतीस का गं? मी म्हणते, कडक नव्हते, जळकी होते. तिला वाटतं आजी गंमत करतेय. गंमत नाही. दिंद्रुडच्या पुढं आडबाजूला एका गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. दोन खोल्या, मध्ये व्हरांडा, मागं कडुनिंब. तिथं मी मुख्याध्यापिका होते आणि एका पंचविशीतल्या पोरीवर वर्षभर जळत होते.

तेव्हाचा माझा थाट सांगण्यासारखा होता. इस्त्रीची साडी, काखेत पर्स, पर्समध्ये खोलीची किल्ली, खडूचा डबा, आणि शाळेत आपल्यावाचून पान हलत नाही ही खात्री. गावात सगळे मला ‘मोठ्या बाई’ म्हणायचे. मी मोठी कशानं होते, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

माझ्या शाळेत एक रिवाज होता आणि तो मीच पाडलेला. आमच्या गावची अर्धी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची. पोरंही आईबापाबरोबर जायची आणि पाडव्याच्या आगंमागं परत यायची. आली की मी त्यांना दाराकडच्या रांगेत बसवायची. कारण सरळ होतं, निदान मला सरळ वाटायचं. बाकीची पोरं अपूर्णांकांवर पोचलेली, ही वजाबाकीत अडकलेली. मध्ये बसली तर चालत्या गाडीला खीळ. दाराकडं बसा, जमेल तेवढं उतरवून घ्या, गडबड करू नका. ती करायचीच नाहीत. इतकी गप्प बसायची, की मी केंद्राच्या बैठकीत कौतुकानं सांगायची, ‘आमची स्थलांतरित मुलं अत्यंत शिस्तबद्ध आहेत.’

त्या वर्षी जूनमध्ये नवी बाई आली. तोवर चारही वर्ग मीच घ्यायची; आता पहिली-दुसरी तिच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. आल्या आल्या तिनं खुर्ची व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि स्वतः पोरांत सतरंजीवर बसली. तिच्या वर्गात पोरं प्रश्न विचारायची. म्हणजे काय वाट्टेल ते विचारायची. ‘बाई, शून्याच्या आधी काय हाय?’ ‘बाई, कडुनिंब कडू कावून?’ आणि ती भवानी म्हणायची, ‘मला न्हाई माहीत. बघू या का?’ बाई असून माहीत नाही म्हणते! मला वाटलं, आठ दिवसांत पोरं हिला खाऊन टाकतील. आठ दिवसांत पोरं तिच्या मागं मागं विहिरीपर्यंत जायला लागली.

घरी मी जेवताना बोलत राहायची. आज नव्या बाईनं पोरांना चिंचोके मोजायला लावले. आज नव्या बाईनं पाढे पायऱ्यांवर उड्या मारत म्हणून घेतले. आमचे हे शांतपणे भाकरी मोडत ऐकायचे. एकदा म्हणाले, “अगं, लग्न झाल्यापासून तू माझ्याबद्दल एवढं बोलली न्हाईस.” मी ताट सरकवून उठले. उपाशी नाही हं. जेवण झालेलंच होतं.

पाडवा झाला, पोरं परत आली. नवी बाई माझ्या दारात उभी. “बाई, तुमची दाराकडची पोरं तासभर देता का?”

“घेऊन जा की,” मी म्हणाले, “तेवढीच वर्गात हवा येईल.”

थोड्या वेळानं मागच्या बाजूनं आवाज यायला लागला. खिडकीतून बघते तर कडुनिंबाखाली कोपी उभी राहत होती. ऊसतोडीच्या फडाजवळ माणसं राहतात ती झोपडी: बांबू वाकवायचे, वर पाचट, म्हणजे उसाची वाळली पानं, आणि प्लास्टिकचा कागद. दाराकडची पोरं ती बांधत होती आणि पहिली-दुसरीची पिल्लं त्यांना बांबू देत होती. बांबू किती हात लांब, किती पावलांवर रोवायचा, मधून किती वाकतो, आत किती पोरं मावतील, सगळं मोजून, मातीत लिहून.

आणि बोलत कोण होतं? माझ्या तिसरीतली ती काळी, चिपाड पोरगी. दोन साल माझ्या वर्गात येऊन-जाऊन होती. मी तिचा आवाज ऐकला तो हजेरीपुरता. इथं ती हात कमरेवर ठेवून सांगत होती, “तसं न्हाई रे! आधी दोन्ही टोकं रोव, मग वाकव. एकच रोवलं तर तोंडावर येतंय बग!”

मला आनंद व्हायला हवा होता, शिक्षकाला होतो म्हणतात तसा. मला काय झालं सांगू? शेजारणीच्या ओट्यावर आपलंच मूल हसून खेळताना दिसावं, तसं वाटलं. माझी पोरं, आणि माझ्यापुढं मुकी! तास संपवून ती परत आली, दाराकडं बसली आणि पुन्हा गप्प. मी मुद्दाम त्या पोरीला विचारलं, “काय केलं गं बाहेर?” ती म्हणाली, “काई न्हाई, बाई.”

त्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. टोपी हातात धरून व्हरांड्यात उभा राहिला. परीक्षा झाली की पोरीचा दाखला काढायचा म्हणाला. घरात तान्हं आहे, पुढच्या सालापासून त्याला सांभाळायला ही कायमची फडावर लागेल. नवी बाई मध्येच बोलली, “दादा, तिला आजीपाशी ठेवा. गणितात लई हुशार हाय ती.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तुमी नव्या हायत, बाई. मोठ्या बाईंनी दोन साल बगितलीया पोरगी. त्यांनी सांगावं, शिकण्यातली हाय का न्हाई. त्या हो म्हणल्या तर तान्ह्याचं आमी बगू कसंबी.”

एक शब्द बोलायचा होता. पोरगी तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून, माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मी? माझ्या डोक्यात एवढंच आलं, की हुशारी या नव्या बाईनं शोधली आणि शिक्का मी मारायचा. मी म्हणाले, “बघू. परीक्षा होऊ द्या.”

“बरं,” तो म्हणाला आणि टोपी घालून गेला. पोरीनं मान खाली घातली. नवी बाई आपल्या पोरांकडं परत गेली. तिनं भांडायला हवं होतं. मग मला तरी बरं वाटलं असतं.

तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेबांचा निरोप आला. त्यांनी म्हणे कोपीबद्दल कुठंतरी ऐकलं, गुरुवारी बघायला येणार. झालं. शाळा माझी, आणि साहेब बघणार हिचं! मी फर्मान काढलं, की कोपी मागं कडुनिंबाखाली नको, पुढं झेंड्याच्या खांबाशी हवी, फाटकातून आत येताच दिसेल अशी. आणि पाठ मी घेणार.

नवी बाई म्हणाली, “घ्या की, बाई. फक्त बांधू द्या त्याच पोरांना.”

“काही गरज नाही,” मी म्हणाले, “मी उसातच वाढलेय.”

खोटं नव्हतं ते. माझं माहेर माजलगावच्या धरणाखाली. वडिलांचा उसाचा मोठा मळा. आमच्या बांधाला दर साल कोप्या पडायच्या आणि मी गाडीत बसून शाळेला जाता-येता त्या बघायची. बघायची म्हणजे नाकाला रुमाल लावून. ऊसही मी सोलून, तुकडे करून, ताटलीत घालून दिलेला खाल्लाय. एवढ्या अनुभवावर मी बुधवारी दुपारी कोपी बांधायला काढली. हाताखाली घेतली पहिल्या रांगेतली पोरं, बागायतदारांची, वळणदार अक्षराची. त्यांना बांबू आणि फूटपट्टी यात फरक दिसत नव्हता. मलाही नव्हता.

कोपीचं तोंड मी फाटकाकडं केलं. साहेब आले की थेट आत दिसलं पाहिजे. ती पोरगी व्हरांड्याच्या पायरीवर बसून बघत होती. बराच वेळ तिनं कळ काढली. मग उठून जवळ आली आणि म्हणाली, “बाई, तोंड तिकडं नका करू. दुपारी तिकडनंच वारं येतंय. आत घुसतंय मग.”

माझ्यासमोर तिनं स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. आणि मी, एवढी शिकलेली, इतकी वर्षं शिकवलेली, म्हणाले, “तुला विचारलंय का?”

ती पायरीवर परत जाऊन बसली.

गुरुवारी साहेब आले. मी त्यांना कोपीत खुर्ची दिली, पुढं छोटं टेबल, त्यावर चहा आणि बिस्किटं. पोरं आत दाटीवाटीनं बसवली आणि पाठ सुरू केला, ‘आपल्या परिसरातील निवारे’. साहेब मान डोलवत होते. मी निवाऱ्याचा चौथा प्रकार सांगत होते तेव्हा फाटकाकडून वाऱ्याचा झोत आला. कागद एकदा फुगला, परडीखालच्या कोंबडीसारखा फडफडला आणि उचलला. मग बांबू सुटले. सगळं मिळून आमच्या अंगावर बसलं.

कुणाला काही लागलं नाही. पोरं चारी बाजूंनी सशासारखी निसटली. अडकलो मी आणि साहेब. माझ्या तोंडावर प्लास्टिक, अंबाड्यात पाचट, मांडीवर साहेबांचा चहा. बाहेर असा हशा पिकला की विचारू नका. आणि त्या हशातून, अगदी कानाशी, एक आवाज आला, “बाई, हलू नका. आधी आडवा बांबू काढावा लागतोय.”

मी हलले नाही. आयुष्यात इतकी आज्ञाधारक मी पुन्हा झाले नाही.

आम्हाला बाहेर काढून ती थांबली नाही. दाराकडची सगळी रांग तिच्यामागं आली. कोपी उचलली, फिरवली, तोंड शाळेच्या भिंतीकडं केलं, दोन्ही टोकं रोवून बांबू वाकवले. साहेब शर्टावरचं पाचट झटकत बघत राहिले. मग खाली वाकून त्यांनी तिला विचारलं, “आधी पडली कावून गं?”

“तोंड वाऱ्याकडं होतं.”

“मग तू आधी सांगायचं न्हाईस का?”

ती माझ्याकडं बघायला लागली. अख्खी शाळा माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात नवी बाई पुढं झाली. “साहेब, आमची जरा घाई झाली, त्यामुळं...”

आमची! मला पाठीशी घालत होती. वर्षभर मी तिच्यावर जळले, तिच्या कोपीवर मिरवायला गेले, आणि ही माझ्यासाठी खोटं बोलत होती. ते मात्र मला सहन होईना. सगळ्यात पुढं गेली होतीच, आता चांगुलपणातही हिनं पुढं जायचं?

“घाई कसली?” मी म्हणाले. “हिनं काल सांगितलंतं. मीच ऐकलं न्हाई.”

नात म्हणते, आजी, किती प्रामाणिक गं तू. प्रामाणिक कुठली! चुरशीनं बोलले ते. पण बोलल्यावर पोरीच्या तोंडावर जे उमटलं, ते बघून मला आतून शरमल्यासारखं झालं. तिला आनंद झाला नव्हता, नवल वाटलं होतं. मोठी माणसं असंही बोलतात, हे तिनं माझ्याकडून तरी पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षेची वाट मी बघितली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. बाप ओट्यावर बसून कोयत्याचा दांडा तासत होता. मला बघून गडबडीनं उठला.

“बसा,” मी म्हणाले. “पोरीला आजीपाशी ठेवा. शिकण्यातली हाय.”

“परीक्षा झाली का, बाई?”

“झाली,” मी म्हणाले. “माझी झाली. नापास झाले.”

त्याला काही कळलं नाही. आत चुलीपाशी बसलेली पोरगी मात्र हसली, हे मी ऐकलं. बाप थोडा वेळ दांड्यावरून हात फिरवत राहिला, मग म्हणाला, “तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या.”

त्या साली दसऱ्यानंतर गाड्या भरून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी जरा धास्तीनंच हजेरी घेतली. ती आली होती. डोळे सुजलेले, पण आली होती. आता चौथीत होती. मी दाराकडची रांग जूनपासूनच मोडली होती, आणि तिला पहिल्या रांगेत, माझ्या टेबलासमोर बसवलं होतं. आईबाप फडावर गेलेल्या पोरीला जवळ घ्यावं, म्हणून त्या दिवशी मी टेबल आणखी पुढं ओढलं.

मधल्या सुट्टीनंतर ती माझ्यापाशी आली. “बाई, मी परत दारात बसू का?”

“का गं? कुणी काही बोललं का?”

“न्हाई, बाई. दारात बसलं की तुमचं बी ऐकू येतंय, आन् व्हरांड्यातनं नव्या बाईंचं बी.”

म्हणजे मी जिला गाडीला खीळ नको म्हणून तिथं बसवत होते, ती त्या जागी बसून दोन दोन वर्ग शिकत होती! आणि त्यातलं जास्त कुणाचं ऐकत असेल, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

बस म्हणाले. ती दप्तर उचलून दारात जाऊन बसली. पलीकडून नवी बाई पोरांना काहीतरी विचारत होती आणि पोरं एकदम ओरडून उत्तर देत होती. मी थोडा वेळ फळ्यावर लिहिलं. मग टेबल, खुर्ची, खडूचा डबा, सगळं दाराकडं सरकवून घेतलं. पोरांना सांगितलं, इथं उजेड चांगला पडतो.