भिंतीला ढोल लावणाऱ्या सगुणाबाई

सगुणाबाई केमसे पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या, तेव्हा मी त्यांना पाहिलंच नाही. आधी एक ढोल आला. तो शाळेच्या दारात अडकला, चौकट करकरली, चार कौलं खाली आली, हेडमास्तर टेबलाखाली गेले आणि लवळ्याच्या डोंगरावरची गिधाडं घाबरून पार सूस गावापर्यंत उडाली. मग ढोलामागून आवाज आला, "मास्तर, नुसतं बघताय काय? धरा की एका बाजूनं!"

मी धरला. तेव्हापासून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. खोटं वाटत असेल तर माझ्या शिंप्याला विचारा. ढोल आत आला आणि त्याच्यामागून ढोलाहून जेमतेम वीतभर उंच अशा बाई आल्या.

ही अठ्ठावन्न सालच्या जूनमधली गोष्ट. लवळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत आमची शाळा होती. ऐकू न येणाऱ्या आणि उशिरा समजणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, हे बाई पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या. अशी मुलं त्यांनी वाडीवस्तीवरून, शेणाच्या पाट्या खाली ठेवायला लावून, अक्षरशः हाताला धरून आणली. आयांशी भांडल्या, आज्यांशी तर जास्तच भांडल्या.

शाळेच्या टोकाची खोली त्यांना मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. तिची मागची भिंत आणि हैबतराव पाटलांच्या गोठ्याची भिंत एकच होती. बाई ढोल त्या भिंतीला टेकवून वाजवायच्या. मुलं भिंतीला तळवे लावायची आणि ठोका त्यांच्या हातातून अंगात शिरायचा. एक ठोका म्हणजे उठा, दोन म्हणजे रांग करा, तीन म्हणजे जागेवर चला. हैबतरावांची मुलगी जया जन्मापासून बहिरी. ठोका लागला की तिचा चेहरा असा उजळायचा, की मला माझ्या चौथीच्या वर्गाची लाज वाटायची. माझ्या पोरांना चांगलं ऐकू येत असूनही ती हलत नसत.

वर्षभरात वाडीला बाईंचा अभिमान वाटू लागला, आणि घोटाळा झाला तो त्या अभिमानामुळेच.

पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडली त्याच आठवड्यात, शाळा तपासणारे दिपोटी साहेब वर्ग बघायला येणार असं ठरलं. त्यांना पटलं तर वर्ग मंजूर, नाहीतर कायमचा बंद आणि जया पुन्हा शेणाच्या पाटीखाली. बाईंनी आदल्या दिवशी भिंत सारवली. गावानं मात्र वेगळीच तयारी केली.

साहेब आले. बाई त्यांना घेऊन खोलीत शिरल्या आणि दारातच थांबल्या. आत माझ्या चौथीतली सगळी हुशार पोरं, केसांना तेल लावून, मांडी घालून बसली होती. साहेबांनी विचारताच एकानं सतराचा पाढा उलटा म्हटला. दुसऱ्यानं नद्या सांगितल्या, त्यात मुळा दोनदा.

साहेब खूश होऊन म्हणाले, "छान! पण बाई, या मुलांना वेगळा वर्ग कशाला हवा? बंद केलेला बरा."

बाईंनी वळून हैबतरावांकडे पाहिलं. हैबतराव मिशीतल्या मिशीत हसत होते.

"पाटील, माझी पोरं कुठायत?"

"गोठ्यात हायेत, बाई. कडी लावलीया. तुमची इज्जत जाया नगं म्हनून आमीच..."

"जयाला सुद्धा कोंडलंत?"

"तिला तर आदी! सायबानं कायतरी इचारलं आन् ती गप ऱ्हायली, तर लोक काय म्हनतील?"

बाईंचा चेहरा बघून हैबतरावांची मिशी खाली आली. मी कडी काढायला धावलो. तोवर इकडे बाईंनी पदर खोचला, ढोल भिंतीला लावला आणि टिपरू उचललं.

एक ठोका. दोन. मग तीन.

गोठ्याच्या दारातून आधी जया बाहेर आली. तिच्यामागे एकेक करत सगळा वर्ग, नीट रांगेत, अंगाला गवत लागलेलं, न बोलता चालत आला आणि खोलीत जाऊन भिंतीला हात लावून उभा राहिला. आणि त्यांच्यामागून, वर्षभर तोच ढोल त्याच भिंतीतून अनुभवलेल्या हैबतरावांच्या तिन्ही म्हशी तितक्याच शिस्तीत आल्या आणि दाराशी थांबल्या.

जयानं साहेबांचा हात धरून भिंतीवर ठेवला. बाईंनी ठोका दिला. साहेबांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "वर्ग मंजूर. पण या तिघी कितवीत आहेत?"

"आजच दाखल झाल्यात साहेब," बाई म्हणाल्या.

हैबतरावांनी त्या दिवशी वाडीभर गूळ वाटला आणि सगळी योजना आपलीच होती असं सांगितलं. जया महिनाभर त्यांच्या प्रत्येक पाहुण्याचा हात धरून भिंतीवर ठेवत होती.

बासष्ट साली बाईंची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि वर्ग बंद पडला. त्या खोलीत हल्ली पंचायतीच्या खुर्च्या असतात.