सोफेवाल्याची भिंगरी

भिंगरी हे नाव तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाही. ते पडलं कार्टिंगच्या ट्रॅकवर. वडील सोफे मढवायचे, खुर्च्यांच्या गाद्या शिवायचे. खाली दुकान, वर घर. अख्खा रस्ता त्यांना सोफेवाले म्हणूनच ओळखायचा. ट्रॅकच्या मालकानं वेटिंग रूममधले फाटके सोफे नव्यानं मढवायला बोलावलं, त्या दिवशी घरी कुणी नव्हतं, म्हणून आठ वर्षांच्या पोरीला त्यांनी बरोबर नेलं. ते जुने खिळे उपटत बसले आणि ही काचेला नाक लावून त्या बुटक्या, बिनछपराच्या गाड्या बघत बसली. शेवटी मालकालाच दया आली. म्हणाला, बसवा हिला एकदा.

पहिल्याच वळणावर ती गर्रकन फिरली आणि तोंड आल्या वाटेकडे करून थांबली. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. बाकीची पोरं अशा वेळी भोकाड पसरायची. ही खदाखदा हसत होती आणि अजून एक, अजून एक म्हणून मालकाचं डोकं खात होती. त्यानं नाव पाडलं ते पाडलंच. सोफेवाल्यांनी त्या कामाची अर्धी मजुरी पैशांत घेतली आणि अर्धी फेऱ्यांत.

पुढं ट्रॅकवरचं काहीही उसवलं, फाटलं की सोफेवाले हजर. लोकांना वाटायचं, काय प्रामाणिक माणूस आहे, स्वतःहून विचारायला येतो. भिंगरी हळूहळू फिरायची थांबली आणि पुढं जायला लागली. आधी आपल्या वयाच्या पोरांच्या पुढं, मग त्यांच्या दादा लोकांच्या. दुकानात फोमच्या गठ्ठ्यांवर जिंकलेले कप ठेवायला फळी मारावी लागली.

कार्टनंतरची पायरी म्हणजे एकाच माणसाला बसायची, शर्यतीची मोठी गाडी. चाकं उघडी, माणूस जवळजवळ झोपलेला, डोकं तेवढं बाहेर. वेगात वळताना त्या डोक्याला असा हिसका बसतो की मान मजबूत नसेल तर चौथ्या फेरीला माणूस भलतीकडेच बघत बसतो. म्हणून मानेची तालीम सुरू झाली. सोफ्याच्या तळाला लावतात तो रबरी पट्टा हेल्मेटला बांधायचा, एक टोक आईच्या हातात. भिंगरी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि आई एका हातानं भाजी ढवळत दुसऱ्या हातानं लेकीचं मुंडकं ओढायची. आत्या एकदा हे बघून हबकली. म्हणाली, वहिनी, पोरीची मान आहे का विजेचा खांब? आई म्हणाली, खांबच करायचाय. आत्यानं नाक मुरडलं, पण निघता निघता दोन झटके तिनंही ओढून बघितले.

अठरावं लागलं आणि बोलावणं आलं. एका टीममध्ये पुढच्या मोसमासाठी एक जागा रिकामी होती. खर्च सगळा टीमचा. तसा नसता तर सोफेवाल्यांनी दुकान फुंकून टाकलं असतं तरी जमलं नसतं. जागा एक आणि उमेदवार दोन, ही आणि एक चष्मेवाला मुलगा. दोन दिवस दोघांनी आळीपाळीनं तीच गाडी चालवायची, आपापली सीट घालून. मग मॅनेजरबाई एकाला ठेवणार आणि एकाला घरी पाठवणार. ही जागा हुकली तर दुसरी कुठं दिसत नव्हती.

आधी सीट बनवायला टीमच्या गॅरेजमध्ये जायचं होतं. बापलेक दोघं गेले. तिथला मिस्त्री म्हणजे पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा गडी. त्यानं गाडीच्या पोटात मोठी काळी पिशवी ठेवली, भिंगरीला तिच्यावर बसवलं आणि बादलीत दोन रसायनं ढवळून पिशवीत ओतली. फेस फुगत वर आला, तिच्या पाठीला, कुशीला, मांड्यांना जाऊन भिडला आणि बघता बघता दगडासारखा झाला. झाली सीट. सोफेवाले बाजूला उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा एखाद्याच्या हातून दूध सांडताना बघावं तसा झाला होता. आयुष्यभर माणसं बसवण्याचा धंदा केलेला माणूस. पोटच्या पोरीला कचऱ्याच्या पिशवीत बसवतात आणि वर त्याला सीट म्हणतात, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

सोफेवाले म्हणाले, जरा फिनिशिंग करतो, घरी नेऊ का? मिस्त्रीनं मिशी चोळली. काय ते ड्रायव्हरला विचारा, म्हणाला. भिंगरीनं हो म्हटलं. बाबांना नाही कोण म्हणणार?

मग दुकानातली बाकीची कामं कोपऱ्यात गेली. एका गिऱ्हाईकाचा दिवाण उघडा पडला तो पडलाच. सोफेवाल्यांनी दुकानातला सगळ्यात भारी फोम काढला, त्या टणक साच्यावर दोन बोटं जाडीचा थर बसवला, न जळणारं कापड खास मागवलं, कडेनं पाइपिंग केलं आणि चौकटीची शिलाई अशी घातली की नजर हटू नये. दुकानाच्या फरशीवर ठेवून तिला बसवलं. ती बसली आणि म्हणाली, बाबा, यात तर झोप लागेल. सोफेवाल्यांना याहून मोठी पावती नको होती.

चाचणीच्या पहिल्या दिवशी सकाळी बाबा टीममधल्या प्रत्येकाला शिलाई दाखवत फिरत होते. भिंगरी गाडीत बसली, बाहेर पडली आणि तिसऱ्याच फेरीला गर्रकन फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. मग ती घाबरून चालवायला लागली, आणि घाबरून चालवणारा कधी वेगात नसतो. चष्मेवाला घड्याळावर आरामात पुढं गेला.

मिस्त्रीनं तिला टायरांच्या ढिगामागं बोलावलं.

"गाडीचं मागचं टोक सुटतं ते तुला कुठं कळतं?"

"बुडाला," ती म्हणाली. ट्रॅकवर लाजायची सोय नसते.

"आज कळतंय?"

डोळ्यांना दिसायच्या आधी कमरेला कळावं लागतं, आणि तिची कमर सोफ्यावर टीव्ही बघत बसली होती. हे तिला दुसऱ्या फेरीलाच उमगलं होतं. मिस्त्रीला सांगितलं, बाबांना बोलू नका. तो म्हणाला, मी कशाला बोलू, सीट तुझी, बाप तुझा.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, सीट ठीक आहे ना? ती म्हणाली, एकदम. मग बाबा फार बोलले नाहीत. तिला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी लॉजच्या खालच्या हॉटेलात दोघं नाश्त्याला बसले. सोफेवाल्यांनी पावाचा तुकडा चहात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मग कपाकडे बघतच बोलायला लागले. प्रत्येकाला सगळंच जमतं असं नाही, म्हणाले. इथवर आलीस हे काय थोडं झालं. दुकानात मशिनवर बसायला माणूस लागतोच, तुझा हातही बरा आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

पावाचा तुकडा चहात पडला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तेव्हा भिंगरीच्या डोक्यात उजेड पडला. त्यांचं मन राखायला ती गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्यानं बाबांचा तिच्यावरचा भरवसाच उठला होता.

"बाबा, गाडी सुटते ते मला उशिरा कळतंय."

"का बरं?"

"तुमची गादी फार चांगली झालीय."

सोफेवाल्यांनी मान वर केली. "फार चांगली म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच लागत नाही. खड्डा नाही, धक्का नाही."

"अगं, मग गादी असते कशाला?"

"मला धक्का हवाय, बाबा. धक्का बसला नाही तर मी आंधळी."

ते बराच वेळ चमच्यानं कपातला पाव शोधत राहिले. तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी नाना तक्रारी केल्या होत्या. मऊ झाली म्हणून कुणी आलं नव्हतं.

"काल का नाही बोललीस?"

"तुम्ही सगळ्यांना शिलाई दाखवत होता."

यावर ते उठलेच. तडक ट्रॅककडे निघाले. भिंगरीला वाटलं, गेलं, आता बाबाही गेले आणि गाडीही गेली. ट्रॅकवरच्या टीमच्या गॅरेजमध्ये पोचताच त्यांनी मिस्त्रीकडून सीट काढून घेतली, खिशातलं पातं काढलं आणि खाली मांडी ठोकून एकेक टाका उसवायला लागले. मिस्त्री घड्याळाकडे बघून म्हणाला, काका, फाडा की सरळ. सोफेवाले म्हणाले, फाडायला काय, कुणीही फाडील.

मग घासाघीस सुरू झाली. ती रोज दुकानात चालायची, फक्त आज उलटी.

"अर्धं बोट ठेवू?"

"नको."

"कमरेपाशी तरी?"

"नको, बाबा."

"खांद्याला. खांद्याला काय त्रास आहे?"

"काहीच नको."

"बरं," ते म्हणाले आणि शेवटचा फोम सोलून काढला. खालचा करडा, ओबडधोबड साचा उघडा पडला. तो त्यांनी स्वतःच्या हातानं गाडीत ठेवला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

भिंगरी बाहेर पडली. वेगाच्या पहिल्याच वळणावर मागचं टोक केसभर सुटलं आणि तिच्या डाव्या कुशीत बोट खुपसावं तसं तिला ते कळलं. हात आपोआप वळले, गाडी जागेवर आली. हेल्मेटच्या आत ती पहिल्या दिवसासारखी हसायला लागली. मग काय विचारता. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून लवकर. चष्मेवाल्यानंही जीव तोडून चालवली, पण दुपारपर्यंत त्याच्या चष्म्यालाही दिसलं की ही हाती लागायची नाही.

मॅनेजरबाईंनी तिला बोलावलं. खुर्ची दिली, पण भिंगरी उभीच राहिली. टणक साच्यानं ठेचून काढल्यावर बसायला अंगाची एकही बाजू शिल्लक नव्हती. बाईंनी विचारलं, कालचं आणि आजचं, एवढा फरक कसा? ती बाबांकडे बघायला लागली. सोफेवाले पुढं झाले.

"मी गादी घातली होती. सकाळी काढली."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "आणि हिला कधी कळलं होतं?"

"काल. दुसऱ्या फेरीला," भिंगरी म्हणाली.

"मग दिवसभर गप्प?"

"घरचं होतं."

"ट्रॅकवर घरचं, बाहेरचं असं काही नसतं. गाडीत काही खटकलं तर पुढच्या वेळी त्याच फेरीत बोलायचं. समजलं?"

भिंगरी समजलं म्हणाली आणि दारापर्यंत गेली. तिथं तिचे पाय थबकले. पुढच्या वेळी म्हणाल्या का, असं तिनं वळून विचारलं. बाई कागदात डोकं घालून म्हणाल्या, हो, आणि तो दरवाजा लावून घे.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, फार दुखतंय का? ती म्हणाली, फार. "मग बसली नीट सीट," असं म्हणून ते टायरांच्या ढिगामागं गेले आणि बऱ्याच वेळानं नाक पुसत परत आले.

बाईंचं सांगणं तिनं मोसमातल्या पहिल्याच शर्यतीपासून मनावर घेतलं. मिस्त्रीनं त्या दिवशी सोफेवाल्यांनाही गाडीतलं बोलणं ऐकायला कानाला लावायचा रेडिओ दिला होता. पहिल्या फेरीत भिंगरी बोलली की ब्रेक उशिरा लागतोय. दुसऱ्या फेरीत, डावा आरसा हलतोय. मग हातमोजा घट्ट आहे, पाचव्या वळणावर वाळू आलीय, पुढचा बावळट मध्येच ब्रेक मारतोय. मिस्त्रीच्या मिशीचे केस उभे राहिले. म्हणाला, हिला कुणीतरी गप्प करा. सोफेवाले रेडिओ दोन्ही हातांनी कानावर दाबून धरत म्हणाले, बोलू द्या हो, बोलू द्या.

शर्यतीत भिंगरी सहावी आली. मध्येच ब्रेक मारणारा बावळट सातवा.