बांगड्याला फोडणी

गावकर गेल्याचा निरोप मला मोबाइलवर आला. समईचं चित्र, कमळ, आणि खाली त्याच्या मुलाने, निखिलने, लिहिलेल्या चार ओळी... 'बाबा आज पहाटे अत्यंत शांतपणे आम्हाला सोडून गेले.' मी ते वाचलं आणि मला रडू आलं नाही, राग आला. शांतपणे? जयराम गावकर? या माणसाने उभ्या जन्मात एक कप चहा शांतपणे प्यायला नव्हता. पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचं, कपाकडे संशयाने बघायचं, 'शी!' म्हणायचं आणि मग उरलेला चहा तळापर्यंत प्यायचा, ही त्याची रीत. अशा माणसाच्या मरणावर कोणीतरी गुलाबपाणी शिंपडलंय असं वाटलं, आणि मला गुलाबपाण्याची पहिल्यापासून शिसारी आहे.

आम्ही दोघं हैदराबादच्या कोठी भागातल्या एका मराठी शाळेत मास्तर होतो. मी गणित शिकवायचो, तो चित्रकला. आमचं देशपांड्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून हैदराबादचं. आजोबा सरकारी महसूल खात्यात, वडील वकील, बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को', आणि ताटात जिकडे तिकडे चिंच. तो देवगडकडचा, समुद्राच्या काठावर वाढलेला. 'दोन वर्षं काढतो आणि बदली बघतो' म्हणत आला आणि इथेच निवृत्त झाला. त्याची बायकोही इथेच गेली. या शहराने त्याला नोकरी दिली, घर दिलं, माझ्यासारखा मित्र दिला, आणि त्याने या शहराच्या अन्नाला मरेपर्यंत नावं ठेवली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण त्याच्या गावी पोचलीच नसावी.

ओळख झाल्यावर पहिल्याच रविवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं. सुमनने, माझ्या बायकोने, हौसेने खट्टी दाळ, तिळाच्या वाटणातली वांगी, कैरीची चटणी असं सगळं केलं होतं. गावकर जेवला, पोटभर जेवला, आणि हात धुताना म्हणाला, "वहिनी, एक विचारू? तुम्ही लोक देवाच्या तीर्थातपण चिंच घालता काय?" सुमनला इतका संताप आला की पुढचा महिनाभर ती त्याला 'तुमचा तो माणूस' म्हणत होती. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, पुन्हा जेवला, पुन्हा नाक मुरडलं. हळूहळू तिला त्याची सवय झाली. तो काही बोलला नाही तरच ती विचारायची, "बरं नाही का हो गावकरांना?"

माणसं गावाकडच्या जेवणाच्या आठवणी काढतात तेव्हा त्यांचा आवाज कसा मऊ, ओलसर होतो. मला ते ऐकवत नाही. गावकरचं तसं नव्हतं. त्याची आठवण गळवासारखी ठणकायची आणि तो ठणका रागानेच बाहेर पडायचा. सकाळी उकड्या तांदळाची पेज नाही म्हणून राग, सोलकढीला बरं कोकम नाही म्हणून राग, आणि सगळ्यात मोठा राग मासळीवर. आमच्या शहरातली मासळी मुख्यतः तळ्यांतली, नद्यांतली. रोहू, कटला, मरळ. तो त्यांना मासे मानायलाच तयार नव्हता. "चिखल खाऊन मोठो झालेलो चिखल," हे त्याचं मत. आता मी जन्माचा शाकाहारी. मला सगळेच मासे सारखे घाण. पण हे बोलायची सोय नव्हती.

आमच्याकडे मृग लागला की त्या दिवशी घरोघर मासे खातात. खाणारे सगळे खातात, आणि बेगम बाजारच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. गावकरच्या गावी त्याच मृगाला राखणदार देवाला कोंबडं देऊन राखण करतात म्हणे. एरवी या शहराशी त्याचा पंचांगापुरताही संबंध नव्हता, पण हा एक दिवस त्याने पाळला. दर मृगाला तो मला ओढत बेगम बाजारात न्यायचा. विकत घ्यायला नव्हे, शिव्या घालायला. पायाखाली खवले आणि लालसर पाणी, वर घोंगावणाऱ्या माशा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हा माणूस एकेका माशाचा कल्ला उचलून बघतोय, डोळ्यात डोळा घालून बघतोय आणि 'शी!' म्हणून खाली टाकतोय. मी तोंडाने श्वास घेत उभा. तिथे पोचम्मा नावाची एक विक्रेती होती. ती त्याला ओळखून होती. "हर साल आको गालियां देको जातें साब," ती म्हणायची, "एक बार खाको तो देखो!" तिच्याकडे किनाऱ्यावरून बर्फात घालून आणलेला बांगडाही असायचा. त्याला गावकर 'मढं' म्हणायचा. शेवटी थोडे सुके बोंबील घ्यायचा आणि विजयी मुद्रेने घरी जायचा.

पुढे त्याला दम्याने धरलं. मृगाच्याच सुमाराला नामपल्लीच्या मैदानावर दमेकऱ्यांना औषध घातलेला छोटा जिवंत मासा गिळायला देतात, त्याला मोठी गर्दी लोटते. शाळेतल्या कोणीतरी सुचवलं, गावकर, तुम्हीपण जाऊन या. गावकर मात्र गंभीरपणे म्हणाला, "जिवंत गिळायला माझी ना नाही. समुद्रातला असला तर सांगा."

बायको गेल्यावर निखिलने त्याला गच्चीबावलीकडच्या आपल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नेलं. मुलगा वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो. त्या घरात स्वयंपाकघराला भिंतच नव्हती. ओटा, सोफा, टीव्ही, सगळं एकाच खोलीत, आणि कोपऱ्यात एक सुगंधी वाफ सोडणारं यंत्र. बापाला मासे आवडतात म्हणून निखिल बासा नावाचा मासा मागवायचा. पांढरेशुभ्र, चौकोनी तुकडे. काटा नाही, डोकं नाही, वास तर नाहीच. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा गावकरच्या पुढ्यात तेच होतं. निखिल कौतुकाने म्हणाला, "काका, एकदम क्लीन असतो. बाबांना काटे काढायचा त्रास नको." गावकरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडून 'शी' आलं नाही. तो नुसता चावत राहिला, कापूस चावावा तसा. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा काळजी वाटली.

मग बोंबील झाले. घरात कोणी नसताना त्याने राखून ठेवलेले सुके बोंबील गॅसवर भाजले. वास सोफ्यात गेला, पडद्यांत गेला, दाराखालून बाहेर गेला, आणि इमारतीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की या मजल्यावर काहीतरी मेलंय. निखिल संध्याकाळी आला, एक शब्द बोलला नाही, पडदे उतरवले आणि धुवायला टाकले. "भांडला असता तर मी पण भांडलो असतो रे," गावकर मला फोनवर म्हणाला. "काहीच बोलला नाही..." दुसऱ्या दिवशी गावकरने स्वतःच जाहीर करून टाकलं, मी मासे सोडले, आता वयही झालं. निखिलला हायसं वाटलं. त्याने बापाला मिठी मारली म्हणे. मला ती मिठी आठवली की अजून किळस येते... मुलाची नाही, त्या सुटकेची.

यंदाच्या मृगाला सकाळी त्याचा फोन आला. आवाज धापांमधून तुटत येत होता. "पंत, मला बांगडा खायचाय. तिरफळ घालून. तुझ्याकडे." मी म्हटलं, "अरे, आमच्या घरात?" तो म्हणाला, "मग कोणाकडे जाऊ? निखिलला सांगू नको. त्याला वाईट वाटेल." मी सुमनकडे बघितलं. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. ओट्यावर एकदा फडकं फिरवून ती म्हणाली, "गच्चीवर. माझ्या ओट्यावर नाही."

बेगम बाजारात मी त्या दिवशी पहिल्यांदा एकटा गेलो. पोचम्माने विचारलं, "वो गालियां देते सो साब किधर हैं?" मी सांगितलं, आजारी आहे, बांगडा मागतोय. तिने पुढ्यातले बांगडे बाजूला सारले आणि मागचं न उघडलेलं खोकं उघडलं. मीही, ज्याने कधी मासा हातात धरला नव्हता, कल्ले उचलून लाल आहेत का ते बघितलं. बोटांना तो बुळबुळीत थंडपणा लागला आणि मी हात रुमालाला पुसला. रिक्षात ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

गावकर टॅक्सीने आला, जिना चढायला त्याला फार वेळ लागला. गच्चीवर छोटी शेगडी लावली. तो खुर्चीवर बसून सांगत होता आणि सुमन पदराचं टोक नाकाशी धरून करत होती. मिरची, धने, थोडं खोबरं यांचं वाटण, कोकम, आणि त्याने खिशातून पुडीत आणलेली तिरफळं. मासे मीच पातेल्यात सोडले, ती हात लावणार नव्हती. सगळं नीट चाललं होतं. रस्सा शिजत आला, आणि गावकरला खोकल्याची उबळ आली म्हणून मी त्याला पाणी द्यायला वळलो. तेवढ्यात मागे चर्र आवाज झाला. सुमनने सवयीने तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्त्याची खमंग फोडणी त्या बांगड्यावर ओतली होती! फोडणीशिवाय पातेलं खाली उतरवणं तिच्या हाताला माहीतच नाही.

गावकरचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. "वहिनीनूं! बांगड्याक फोडणी? आणि हिंग?" तो ओरडला. "शी, शी, शी! अहो, ह्यो मासो आसा, तुमचा वरण नाय!" धाप लागत होती तरी बोलायचा थांबेना. बांगड्याला शिव्या, बर्फाला शिव्या, आमच्या घराण्याला, आमच्या तीन पिढ्यांना आणि अख्ख्या हैदराबादला शिव्या. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असा ऐकत होतो. सुमन भांडायला उभी राहिली, "मग तुम्हीच करायचं होतं!" आणि तो भांडता भांडता जेवत होता. तीन बांगडे त्याने खाल्ले. काटे चोखून ताटाच्या कडेला लावले, डोकी फोडून चोखली, बोटं चाटली. मला ते बघवत नव्हतं. मी सगळं बघितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो निरोप आला. मग इमारतीच्या क्लबहाउसमध्ये शोकसभा झाली. पांढरी फुलं, पांढऱ्या खुर्च्या, मंद संगीत, मागे पनीरचा घमघमाट. एकेक जण उठून सांगत होता की गावकर सरांनी हैदराबादला आपलं मानलं, इथल्या जेवणावर प्रेम केलं. निखिल म्हणाला, "बाबा शेवटी खूप शांत झाले होते. अगदी सात्त्विक. मासेसुद्धा त्यांनी स्वतःहून सोडले." लोकांनी माना डोलावल्या. मासळी बाजारात इतकी वर्षं मला जे वाटलं नाही, ते त्या सुवासिक हॉलमध्ये वाटलं. खरंच ओकावंसं वाटलं. जिवंतपणी या माणसाचं सगळं सोडवलं, आता मेल्यावर त्याची घृणासुद्धा काढून घेताहेत...

मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "गावकरला हैदराबादचं काहीही आवडत नव्हतं. आणि मासे त्याने सोडले नव्हते. मृगाला माझ्या गच्चीवर तो बांगडा जेवला, माझ्या बायकोला शिव्या देत." निखिलची बायको खाली बघू लागली. मी खाली बसलो. मला लाज वाटत नव्हती.

निघताना निखिल मला गाड्यांच्या तळापर्यंत सोडायला आला. तो रागावला असेल अशी माझी तयारी होती. तिथे पोचल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "काका, किती खाल्ले?"

"तीन."

"नीट खाल्ले?"

"डोकी चोखून."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आमच्या घरात आता बाबांचा कसलाच वास नाहीये, काका. मी कपाट उघडून बघितलं. काहीच नाही."

गेल्या रविवारी तो आमच्याकडे आला. गच्चीवरच्या खोलीत ते पातेलं पालथं ठेवलेलं आहे. सुमनने ते राखेने, चिंचेने, नाही नाही त्याने घासलं, पण तिरफळाचा आणि बांगड्याचा वास हटत नाही. खाली आणायची ती परवानगी देत नाही आणि भंगारवाल्यालाही देत नाही. निखिलने ते उचललं, त्यात तोंड घातलं आणि तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. मग पातेलं पोटाशी धरून म्हणाला, "काकू, हे मी घेऊन जाऊ?"

"नको," सुमन म्हणाली. "तुमच्याकडे ते धुतील. इथेच राहू दे. तुम्ही मासे घेऊन येत जा."

मला त्या वासाने मळमळत होतं. मी नाकाला रुमाल लावला आणि त्याच्याशेजारी बसून राहिलो.