भिंतीआडचा श्वास

गावंडे काकांच्या गॅरेजमध्ये 'ये, बस' असं स्वागत कधी होत नसे. थेट 'बॉनेट उघड'. माणसाचा चेहरा ते नंतर बघत. आधी चालू इंजिनावर वाकून, डोळे मिटून, कान लावून उभे राहत आणि आपण नव्या जावयासारखे अवघडून शेजारी. मग डोळे उघडून सांगत, "नाक चोंदलंय हिचं." अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावातल्या निम्म्या मराठी गाड्यांची नाकं काकांनी मोकळी केली होती. त्यात माझीही एक.

नाक म्हणजे इंजिनात हवा जाते ती वाट. कंपनी तिथे काळ्या प्लास्टिकचा खोका आणि आत कागदी फिल्टर बसवते. काका तो खोका काढून ॲल्युमिनियमचा रुंद पाइप टाकत, टोकाला तेल लावलेल्या सुती कापडाचा निमुळता फिल्टर आणि मधे पत्र्याचा आडोसा. ॲरिझोनाच्या उन्हात इंजिनाजवळची हवा तापून पातळ होते आणि पातळ हवेनं गाडीचं पोट भरत नाही, म्हणून आडोसा. "आधी श्वास, मग ताकद," हे त्यांचं पालुपद. काम झालं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी श्वास घेताना ऐकू यायची, खोल, हुंऽऽ असा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. काका म्हणाले, "श्वास आधीही घेतच होती. कंपनीनं आवाज दाबून ठेवला होता."

काका मूळचे अकोल्याचे. वडील जिनिंगमध्ये होते, आयुष्यभर कापसाचे तंतू छातीत भरून घेत खोकत गेले. काका इंजिनिअर होऊन इकडे आले आणि कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात लागले, जिथे धुळीचा एक कण पडला तरी माल फुकट जातो. तो कण कुठून आला हे शोधणं हीच त्यांची नोकरी. पुढे रिटायर झाले, काकू गेल्या, मुलगी रिया लांब उत्तरेला, बॉथेल गावी. उरलं काय, तर गॅरेज आणि धूळ.

त्यांची अट एकच: फिल्टर घरी धुवायचा नाही, त्यांच्याकडे आणायचा. पांढऱ्या टबात तो सोडून ते उतरणाऱ्या मळाकडे बघत बसत. एकदा मंडळातल्या एका काकूंना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे घोडे कुठून आले? काकू हसत सुटल्या. आठवड्याभरात कळलं, लेक गाडी घेऊन गणिताच्या क्लासऐवजी तबेल्यात जात होती. प्रत्येक फिल्टरमधली चिमूटभर धूळ काका छोट्या पिशवीत घालत, वर नाव लिहीत आणि छताखालच्या दोरीला चिमट्यानं लावत. आम्ही सगळे तिथे ओळीनं टांगलेले होतो. गॅरेजचं दार बंद असलं, पंखा बंद असला, तरी एखादी पिशवी मधूनच हलायची. मी पुण्याचा, असल्या गोष्टींना नाक मुरडणारा, पण माझी पिशवी हलतेय का हे मी हळूच बघून घ्यायचो.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी माझी नोकरी गेली. व्हिसावरचा माणूस, साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरून देश सोडायचा. हे बायकोला, वैदेहीला, सांगायचं सोडून मी काय केलं, तर रोज सकाळी सव्वाआठला जुना बॅज गळ्यात अडकवून, तिनं भरलेला डबा घेऊन निघत राहिलो. आज सांगू, उद्या सांगू. मूर्खपणाच होता. पण एकदा पहिल्या दिवशी खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं सांगावं लागतं, आणि ते आणखी जड जातं.

गावाबाहेर फर्निचरचं एक मोठं दुकान बंद पडलं होतं. त्याच्या ओसाड पार्किंगमध्ये मी गाडी लावायचो. समोर कापसाचं शेत, मागे दुकानाची लांबलचक भिंत. माणूस नाही, सावली नाही, पांढरंफटक ऊन. एसीसाठी इंजिन चालू ठेवून लॅपटॉपवर अर्ज करत बसायचो, आणि उत्तरं येईनाशी झाली तसा नुसताच बसायला लागलो.

दुसऱ्या आठवड्यात तो आवाज पहिल्यांदा आला. एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिनाचा वेग किंचित चढायचा आणि माझी गाडी श्वास घ्यायची. त्याची मला सवय होती. पण त्या दिवशी काच थोडी खाली होती. माझ्या गाडीनं श्वास घेतला, आणि तो थांबल्यावर आणखी एक श्वास आला. मागून. तसाच खोल, पण म्हाताऱ्या माणसाचा असावा तसा सावकाश. मी आरशात पाहिलं. रिकामं पार्किंग, भिंत, ऊन. उतरून भिंतीपर्यंत जाण्याची हिंमत, खरं सांगतो, झाली नाही. मग तो रोज यायला लागला. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला आपल्या. घरी कुणाला सांगणार? सांगायला मी तिथे असायला तर हवा होतो ना!

ऑक्टोबर उजाडला तरी ऊन हटत नव्हतं. एका मंगळवारी, शेवटची आशा होती तिथूनही नकार आला, आणि मी इंजिन बंद केलं. काचा वर होत्या, त्या तशाच ठेवल्या. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. गाडी तापत गेली, मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. उठावंसं वाटेना. आणि तेवढ्यात मागून श्वास आला. हळू नाही, प्रचंड, बंद काचांतून कानात घुसणारा. मग पुन्हा, आणि पुन्हा, थांबेचना. माझी पाचावर धारण बसली. किल्ली कशी फिरवली ते आठवत नाही, घराच्या वाटेला लागल्यावर भानावर आलो.

त्याच शनिवारी काकांचा फोन आला, फिल्टर घेऊन ये. मी गेलो. त्यांनी तो टबात सोडला. पाणी करडं झालं आणि वर पांढरे तंतू तरंगू लागले.

"कापूस," काका म्हणाले. "मला कापूस कळतो. तुझ्या ऑफिसच्या रस्त्यावर कापूस नाही." मी काहीबाही बोललो. ते पाण्याकडेच बघत होते. ही गाडी चालत नाही, म्हणाले, उभी राहून श्वास घेते, तासन् तास. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं अकोला बाहेर आलं.

"मंगळवारी काऊन बंद केली रे बापा?"

धूळ कुठली ते फिल्टर सांगेल, कबूल. पण वार? गाडी बंद केली हे? डोक्यावर पिशव्या टांगलेल्या, त्यातली एक हलत होती, आणि मला त्या घटकेला या माणसाची विलक्षण भीती वाटली. तुम्हाला कसं कळलं, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. काकांनी टब रिकामा केला, फिल्टर झटकला आणि एवढंच म्हणाले, "घरी जा. तिला सांग. आत्ता."

मी सांगितलं. वाटलं होतं वैदेही घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. हात धुवून घे, जेवायला वाढते." पुढे मुदत संपायला चार दिवस राहिले असताना इथेच नोकरी मिळाली. पार्किंगकडे मी पुन्हा फिरकलो नाही. काकांकडे जात राहिलो, पण टबाजवळ उभं राहिलो की त्या मंगळवारची आठवण मानेवरून सरकायची. त्यांनी एका शब्दानंही तो विषय कधी काढला नाही.

गेल्या मार्चमध्ये काका झोपेतच गेले. गॅरेज आवरायला आलेल्या रियानं मला बोलावलं. "अंकल, दिस वन हॅज युअर नेम," म्हणत तिनं एक पिशवी हातात दिली. दोरीवरची नव्हे, मोठी, कपाटात ठेवलेली. आत अख्खा फिल्टर, न धुतलेला. वर काकांच्या अक्षरात: 'मिलिंद. सव्वीस दिवस.'

पण माझा फिल्टर तर धुऊन माझ्याच गाडीत बसलेला होता. शिवाय आम्हा सगळ्यांच्या फिल्टरची कड लाल, याची निळी. निळी कड एकाच गाडीला होती, काकांच्या. मी तो उजेडात धरला. घडीघडीत कापूस अडकलेला होता. भिंतीच्या मागे काका होते. धूळबीळ वाचली नव्हती त्यांनी. रोज तिथे येऊन बसले होते. त्या मंगळवारी माझं इंजिन बंद झालेलं ऐकलं आणि म्हाताऱ्यानं पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला.

एकच हिशेब लागेना. मी तिथे एकोणतीस दिवस बसलो होतो. पहिले तीन कुठे गेले?

घरी येऊन पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि वैदेहीला सगळं सांगितलं, तो हिशेबही. तिनं फिल्टर बाहेर काढला आणि त्या निळ्या कडेवरून बोट फिरवलं.

"तिसऱ्या दिवशी तुझ्या इन्शुरन्सचं पत्र घरी आलं," ती म्हणाली. "इन्शुरन्स बंद झाल्याचं. मी न विचारताच तू सांगशील असं वाटलं म्हणून थांबले. पण भीती वाटत होती, म्हणून काकांकडे गेले. म्हटलं, काही बोलू नका, फक्त नजर ठेवा."

मी पिशवीवरचं 'सव्वीस' पुन्हा वाचलं.

"चौथ्या दिवशी ते तुझ्या मागोमाग गेले. मग रोज तू कोपऱ्यावर वळलास की ते दारात यायचे. मी दोन डबे भरत होते, मिलिंद. तुझा रोज अर्धा परत यायचा. त्यांचा घासून, पुसून यायचा."